आत्यांची मशेरी

आमच्या घरात सकाळी काही वेळ अगदी शांतता असायची. त्याचं श्रेय देवपूजेला नव्हतं, माझ्या सासूबाईंच्या मशेरीला होतं.

ज्यांनी मशेरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, चाळायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठलं की चिमूटभर पूड तळहातावर घ्यायची, बोटानं दातांवर-हिरड्यांवर फिरवायची आणि तोंड मिटून बसून राहायचं. ती भाजायच्या दिवशी असा काही ठसका उठतो की मागच्या खोल्यांमधली भाडेकरू पोरं लॅपटॉप उचलून अंगणात येतात. एकानं तर एकदा गॅस गळतोय म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं होतं.

तोंडात मशेरी असली की बोलता येत नाही, आणि आत्या एरवी कधी गप्प बसत नाहीत. मी सासूबाईंना आत्या म्हणते, इकडची पद्धत आहे ती. तर आत्या पायरीवर बसून खुणांनी घर चालवायच्या. भुवई वर गेली की दूध उतू चाललंय. मागं बोट दाखवलं की कुणीतरी नळ सोडून गेलंय. नुसतं 'हं' म्हटलं की माझ्याशी बोलायचं नाही, मशेरी चाललीय. त्या वेळात त्यांना कुणी काही काम सांगायचं नाही, असा घराचा शिरस्ताच होता.

मी मूळची लातूरकडची. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून जवळच्या जांबे गावात खोली घेतली. मालकांनी जमिनीचा एक तुकडा विकून घरामागं खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी राहायचे. पुढं मालकांच्या धाकट्या मुलाशीच लग्न झालं आणि मागच्या खोलीतनं पुढच्या घरात आले. आत्या आजही आल्यागेल्याला सांगतात, "हिला म्हटलं खोली रिकामी कर, तर ही माजघरातच घुसली." सांगून झालं की स्वतःच पोट धरून हसतात. मलाही आता त्याचं काही वाटत नाही.

भांडण झालं ते तिखटावरून. माझ्या हाताला तिखट जरा सढळ, आणि आत्यांना तर भाकरीबरोबर ठेचा नसला की जेवल्यासारखं वाटायचं नाही. त्यामुळं या एका बाबतीत आमचं पहिल्या दिवसापासून जमलं होतं. पण एका उन्हाळ्यात आत्या ताटातलं कालवण बाजूला सारायला लागल्या. एकदा झालं, दोनदा झालं. मग मी विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, जरा झणका जास्त झालाय. मला राग येतो तो भांड्यांवर निघतो. त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली गेली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम असं अळणी पिठलं केलं की मांजरानंही हुंगून सोडावं. आत्यांनी ते गुपचूप खाल्लं, वर आणखी वाढ म्हणाल्या.

तेव्हा मात्र मी चमकले. आत्यांनी अळणी पिठल्याला नावं ठेवली नाहीत म्हणजे काहीतरी बिघडलंय. त्या संध्याकाळी पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून दुधात भाकरी बुडवून खात होत्या. खोदून विचारल्यावर म्हणाल्या, तोंडात आग होते, लई दिस झालं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं, उगं गवगवा.

शनिवारी त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणजे माझ्याहून लहान मुलगी होती, पण बोलणं मोठं शांत. तिनं आधी नेहमीचे प्रश्न विचारले. दात कधी काढलेत का, साखर आहे का, रक्तदाब आहे का. मग विचारलं, तंबाखू, गुटखा, सुपारी असं काही खाता का?

आत्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्या घरातल्या बाया असलं काय करत न्हाईत." अपमान झाल्यासारख्या बोलल्या. मीही शेजारी मान डोलावली. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. आमच्या लातूरकडंही बाया मशेरी लावायच्या, पण कुणी त्याला व्यसन म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. व्यसन बाप्यांचं. बायांचं ते दात घासणं.

डॉक्टरनं दिवा ओढून घेतला, खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला आणि थांबली. बराच वेळ बघत राहिली. मलाही दाखवलं. ओठाच्या आतल्या बाजूला, दातांना लागून, एक पांढरा चट्टा होता, पाण्यात जास्त वेळ राहिलेल्या बोटासारखा सुरकुतलेला. मग तिनं विचारलं की दात कशानं घासता. आत्या म्हणाल्या, मशेरीनं. तिनं विचारलं, ती कशाची असते?

"तंबाखूची," आत्या म्हणाल्या. मोठ्यानं, सरळ, जरासुद्धा न चाचरता.

आत्या एकदा डॉक्टरकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांचं त्यांनाच काय ते उमगलं असावं, कारण त्यांनी हळूच हात तोंडावर नेला.

डॉक्टर रागावली नाही. तिनं समजावून सांगितलं. मशेरी आजपासून बंद. बंद केली तर असा चट्टा पुष्कळदा आपोआप मागं हटतो. काही आठवड्यांनी परत बघू, तोवर हटला नाही तर तिथला लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. कशासाठी, ते तिनं एकदाच सांगितलं. दात मात्र ब्रशनं घासायचे, सकाळी आणि रात्री, मऊ ब्रशनं, आणि प्रत्येक जेवणानंतर चूळ भरायची.

परत येताना आत्या मागं एक शब्द बोलल्या नाहीत. नेहमी ट्रॅफिकला, डंपरवाल्यांना, मलाही शिव्या घालत येतात. मला रडू येत होतं आणि रस्ता दिसेना, म्हणून मी स्कूटर बाजूला घेऊन उगाच हवा बघितल्यासारखं केलं. माझी आई लहानपणीच गेली. या बाईनं मला माहेरपण दिलं, बाळंतपणात न्हाऊ-माखू घातलं, आणि तिच्या ओठात असलं काही घर करून बसलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात ब्रशची शाळा सुरू झाली. घरामागं भाडेकरूंसाठी एक लांब ओटा आहे, नळ लावलेला. सकाळी तिथं सगळी पोरं ओळीनं उभी राहून एका हातानं दात घासतात आणि दुसऱ्या हातानं मोबाइल बघतात. त्यांच्यात मी आणि आत्या. आत्यांनी पहिला ब्रश दोनच दिवसांत असा पिंजारून टाकला की तो चप्पल घासायलाच ठेवला. करपलेलं दुधाचं पातेलं घासतात तशा घासायच्या. हिरडीतून रक्त आलं की मला दाखवायच्या, बघ, मशेरीनं कधी रगात आलं न्हाई. मी म्हणायचे, हळू, गोल गोल फिरवा, दातावरनं हिरडीकडं नको, हिरडीकडनं दाताकडं, लहान लेकराचं अंग पुसल्यासारखं. तर म्हणाल्या, लेकरं मी घासूनच वाढवली, तुझ्या नवऱ्याला विचार.

रात्रीच्या घासण्याला तर त्यांचा ठाम विरोध. सकाळी माणसांत जायचं असतं, म्हणून दात घासायचे, हे त्यांना पटत होतं. पण निजताना घासून दाखवायचे कुणाला, उशीला? मामा, म्हणजे माझे सासरे, खाटेवरून हसायचे. मी हट्टानं रोज रात्री त्यांच्या हातात पेस्ट लावलेला ब्रश द्यायचे आणि शेजारी उभी राहायचे. हळूहळू त्या घासायला लागल्या. हात बसला. चूळ तर इतकी छान भरायच्या की पाणी थेट जास्वंदीच्या बुंध्याला.

पण मशेरी सुटेना. दिवसभर डोकं धरून बसायच्या, पोट साफ होईना, नळ सोडणाऱ्या पोरांवर अशा तुटून पडायच्या की दोघांनी खोली सोडायची भाषा केली. डबीत मी बडीशेप भरून दिली. ती खायच्या, पण मधूनच शेजारच्या घरी जाऊन यायच्या आणि आल्या की पदरानं ओठ पुसायच्या. वास लपतो थोडाच. एके दिवशी माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्हाला जगायचंय का नाही ते एकदाच सांगून टाका, म्हणजे मी तरी मोकळी होते. आत्या म्हणाल्या, तू तुझं काम बघ. मग आमचा अबोला. ओठ बाहेर ओढून मी रोज टॉर्चनं चट्टा बघायचे, अबोल्यातसुद्धा. तो होता तिथंच होता, आणि परत दाखवायला जायचे दिवस जवळ येत होते. त्यात डॉक्टरला काही कामासाठी गावी जावं लागलं, म्हणून तारीख लांबली, पावसाळ्यात गेली. मला वाटलं, बरंच झालं, तेवढा वेळ मिळाला. आणि रात्र रात्र मनात तेच.

कोळवणला आत्यांचं माहेर. दर वर्षी भावाच्या भातलावणीला त्या जातात. गुडघे कुरकुरतात, तरी जातात, कारण लावणीला गेलं नाही तर माहेर तुटतं असं त्यांचं म्हणणं. या वर्षी मीही सुट्टी टाकून बरोबर गेले. मदतीला म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर पहारा द्यायला. लावणीला जमलेल्या बायकांकडं डब्या असणार हे मला ठाऊक होतं.

खाचरात पाणी, घोट्याच्या वर चिखल, पाठीवर प्लास्टिकचा कागद, आणि बायकांची ओळ वाकलेली. मी थोडा वेळ लावून बघितलं. कंबर अशी धरली की मुकाट्यानं बांधावर येऊन रोपांच्या मुठी पुरवायला लागले. जरा वेळानं एकीनं पाठ सरळ केली आणि म्हणाली, चला गं, मशेरी लावू. सगळ्या बांधावर आल्या, पाय लांब करून बसल्या, डब्या निघाल्या. मी आत्यांकडं पोलिसासारखी बघत होते. आत्या आल्याच नाहीत. त्या एकट्याच खाचरात वाकून लावत राहिल्या.

मला आधी आनंद झाला. वाटलं, जिंकलो. दुसऱ्यांदा बायका बसल्या, तेव्हाही आत्या लावत होत्या. तिसऱ्यांदा मात्र त्यांचा चेहरा काळवंडला होता, एक हात कंबरेवर होता, आणि तरी दुसऱ्या हातानं रोपं खोचणं चालूच. मी पायजमा वर करून चिखलात उतरले. म्हटलं, आत्या, तुम्हीही बसा की जरा.

"बसून काय करू?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काही नका करू, नुसत्या बसा. तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना भर बाजारात निजायला सांगितलं होतं. मग वाकलेल्या होत्या तशाच, रोपं खोचत खोचत बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची सासू बांधावर उभी राहून लावणी करून घ्यायची. सून दमली म्हणून बसली तर पाय मोडलं का म्हणून विचारायची. पण मशेरीला बसली तर गप. दात घासत्यात म्हणायची. घरातही तेच. नुसत्या बसलेल्या बाईला उठवायला सगळे टपलेले, पण तोंडात मशेरी असली की कुणी काम सांगायचं नाही, आणि सांगितलं तरी उत्तर द्यायला लागायचं नाही.

"मला तंबाखू न्हाई लागत, पोरी," त्या म्हणाल्या. "मला ते बसणं लागतं."

मला काय वाटलं ते सांगते. मला माझीच लाज वाटली, आणि कुणाचा तरी भयंकर राग आला, पण कुणाचा ते कळेना, कारण ती सासू कधीच गेलेली आणि बाकीचे आम्ही सगळे घरातलेच. मी ऑफिसात दिवसातून कितीदा तरी चहाला म्हणून उठते, कुणी विचारत नाही. घरी बाथरूमचं दार लावून घेतलं की अर्धा तास माझा. आणि ही बाई इतकी वर्षं नुसतं बसता यावं म्हणून तोंडात जळकी तंबाखू धरून होती. मी तिला बडीशेप देत होते.

मी त्यांच्या मनगटाला धरून त्यांना बांधावर आणलं आणि स्वतः शेजारी फतकल मारून बसले. तोंड मोकळं, हात मोकळे. बायका हसल्या, शहरची सून थकली म्हणाल्या. आत्या बसल्या, पण टोकाला, अर्ध्यामुर्ध्या, आणि हातानं बांधावरचं गवत उपटत राहिल्या. तरी बसल्या. संध्याकाळी जीपमधून परत येताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून घोरत होत्या.

त्यानंतर मशेरी खरंच सुटली. शेजारी जाणं बंद झालं. मी ठरवलं होतं की सकाळी त्यांना कुणी हाक मारायची नाही, पण ते जमलं नाही, कारण हाक मारायच्या आत त्याच उठायच्या. मग त्यांनी आपली तोड काढली. ब्रश तोंडात धरून पायरीवर बसायला लागल्या. पोरं घासून, आंघोळ करून, डबे घेऊन कामाला गेली, तरी आत्यांचा ब्रश चालूच. ओठांवरचा फेस वाळायचा. कुणी काही विचारलं की भुवई वर, बोट मागं. मी म्हटलं, असू दे. तंबाखूपेक्षा पेस्ट कधीही बरी.

डॉक्टरकडं गेलो तेव्हा खुर्चीत आत्या होत्या, पण घाम मला फुटला होता. तिनं दिवा ओढला, ओठ बाहेर घेतला, बोटानं दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाली की चट्टा बराच निवळलाय, सुरकुती गेलीय, आता तुकडा काढायची गरज दिसत नाही. अधूनमधून दाखवायला मात्र यायचं, आणि मशेरी पुन्हा नाही म्हणजे नाही. मी खुर्चीमागं उभी राहून डोळे पुसले. आत्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि त्या मुलीला काय करावं कळेना, ती हातमोजे घालून तशीच हसत उभी राहिली.

पण दात बघताना ती परत थांबली. म्हणाली, आजी, तुम्ही किती वेळ घासता? हिरड्या खाली सरकायला लागल्यात. एवढं घासायचं नसतं. थोडा वेळ, हलक्या हातानं, चूळ भरायची आणि ब्रश ठेवून द्यायचा. आत्यांनी मान डोलावली. माझ्या मात्र मनात आलं की झालं, ही पळवाटही गेली. आता पुन्हा शेजारच्या घरची वाट धरतील. येताना डंपरवाल्याला त्यांनी सणसणीत शिवी घातली, तेव्हा बरं वाटलं, पण ती धास्ती काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कणीक मळत होते. आत्यांनी डॉक्टरनं सांगितलं तसं थोडा वेळ घासलं, चूळ भरली, ब्रश झटकून पेल्यात ठेवला. मग क्षणभर ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. मला वाटलं, निघाल्या आता. त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. तोंडात काही नाही, हातात काही नाही. समोरच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसेस चालल्या होत्या, त्या बघत बसल्या.

आतून मामांनी हाक मारली की चहा टाक. आत्यांचा हात आपोआप जमिनीला टेकला, गुडघा उचलला गेला. मी कणकेतले हात तसेच धरून थांबले. ओरडून सांगावंसं वाटलं, मी टाकते, तुम्ही बसा. पण मी बोलले नाही. आत्यांनी गुडघा खाली ठेवला.

"बसलीया मी," त्या म्हणाल्या.

मामा घाबरून बाहेरच आले. काय दुखतंय का, चक्कर आली का, डॉक्टर काय म्हणाली ते खरं सांग. आत्या म्हणाल्या, काही दुखत नाही. मग? मग काही नाही, बसलेय. मग मामा आत आले, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी इकडंतिकडं पाहिलं आणि मला हळूच विचारलं की चहाची पावडर कुठं असते.

मी सांगायच्या आत बाहेरून आत्यांनीच सांगितलं, डाव्या हाताच्या फळीवर, पितळी डब्यात. पण त्या उठल्या नाहीत.